दार, खिडकी, माळा, उंबरा

फोन आला तेव्हा शटर शिडीवर होता आणि त्याचे दोन्ही हात स्प्रिंगमध्ये अडकलेले होते.

दुकानाच्या शटरची स्प्रिंग बदलणं हे दोघांचं काम असतं. एक जण शिडीवर उभा राहून लोखंडी पाइपने वरच्या दांड्याला पीळ देतो. त्याचं तोंड भिंतीकडे आणि नाक ग्रीसमध्ये असतं. खाली पट्ट्या सरळ उतरतायत की तिरक्या, हे त्याला दिसत नाही. ते खालचा माणूस सांगतो. पीळ कमी पडला तर शटर उचलताना दुकानदाराची कंबर जाते. मधेच हात सुटला तर पाइप गरकन फिरतो आणि जे समोर येईल ते फोडतो. शटरच्या बाबांचे पुढचे दोन दात असेच गेलेले आहेत.

तर खाली बाबा उभे होते आणि मुलाचा फोन त्यांच्या शर्टाच्या खिशात वाजत होता.

"कुणाचा आहे?" शटरने वरूनच विचारलं.

"लांबलचक नंबर आहे. उचलू?"

"उचला."

बाबांनी उचलला, ऐकला, दोनदा "यस, यस" म्हणाले आणि फोनवर हात ठेवून वर बघत म्हणाले, "परदेशातून आहे. बाई आहे कुणीतरी. तुला बोलावतायत म्हणे. खेळायला."

"बाबा, पीळ किती राहिला?"

"अर्धा. अरे, तुला बोलावतायत!"

"ऐकलं. आत्ता हात सोडला तर दवाखान्यातूनच बोलावणं येईल. अर्धा ना?"

"अर्धा... अजून... बस. लाव पिन."

पिन बसली तसा तो धडाधड खाली उतरला आणि काळ्या हातांनी फोन कानाला लावला. पलीकडची बाई सावकाश बोलत होती. शटरचं इंग्रजी स्प्रिंगच्या खोक्यावर छापलेलं असतं तेवढंच, पण 'ट्रायल', 'डिफेंडर' आणि 'कम' हे शब्द त्याला कळले. तो तीनदा "ओके" म्हणाला. तिसरा ओके एवढा मोठा होता की औषधांच्या दुकानाचा मालक काउंटर सोडून बाहेर आला.

"काय झालं?"

"परदेशी चाललो! फुटबॉल खेळायला!"

"कधी?"

"पंधरवड्यात!"

"मग माझं शटर आजच पुरं कर," मालक म्हणाला. "तुझा काय भरवसा."

शटर हे नाव त्याला धंद्यावरून पडलं असं घरचे म्हणतात. क्लबातले म्हणतात, धंदा गेला खड्ड्यात, नाव खेळावरून पडलं. दोन्ही खरं असावं. सव्वीस वर्षांचा हा माणूस दिवसा वडिलांबरोबर दुकानांची शटरं बसवतो आणि संध्याकाळी क्लबाच्या बचावफळीत मधोमध उभा राहतो. समोरचा संघ चेंडू घेऊन चढून आला की मैदानाच्या भिंतीवर बसलेली मंडळी "शटर पाड! शटर पाड!" म्हणून ओरडतात, आणि बहुतेक वेळा तो ते पाडतो.

त्याच्याकडे बघून हे खरं वाटत नाही. बचावपटू म्हटलं की डोळ्यांसमोर जो सहाफुटी गडी येतो, तो हा नव्हे. उंची बेताची, पळणं त्याहून बेताचं. खांदे मात्र लोखंड उचलून तयार झालेले. पण त्याची खरी कमाई म्हणजे मान. ती वळत नाही. हा धडा त्याला सतराव्या वर्षी मास्तरांनी दिला. मास्तर म्हणजे क्लबचे प्रशिक्षक. दिवसा ते पोस्टात असतात, पण मैदानावर त्यांना दुसरं नाव नाही. "त्याच्या पायांकडे बघू नकोस," मास्तर सांगत, "त्याच्या डोळ्यांकडे तर बघूच नकोस. कंबर बघ. कंबर जाते तिकडेच तो जाणार. आणि मागे बघायचं काम तुझं नाही. मागे माणूस ठेवलाय आपण."

मागचा माणूस म्हणजे गोलरक्षक, आणि गोलरक्षक म्हणजे शटरच्या ताईचे यजमान. पेशाने सुतार, वय पस्तिशीच्या पुढे, आवाज स्वतःच्याच करवतीला मागे टाकणारा. शटर त्यांना भावोजी म्हणतो. मैदानावरही तो तसंच म्हणत राहिल्यामुळे हळूहळू अख्खा संघ भावोजी म्हणायला लागला. एकदा तर पंचांनीही ताकीद देताना "भावोजी, पुढच्या वेळी कार्ड काढीन हां" असं म्हटलं होतं.

"डझनभर भाऊ मिळाले मला," ताई म्हणते, "आणि घरातला पंखा बंद पडला की एकही येत नाही."

भावोजींच्या आवाजाचा एक तोटा होता. तो समोरच्या संघालाही ऐकू जायचा. "डावीकडे माणूस आहे" असं ते ओरडले की तो माणूस पळून उजवीकडे जायचा. तेव्हा त्यांनी आपल्या धंद्यातले शब्द काढले. शटरच्या पाठीमागून उजवीकडे कुणी शिरत असेल तर 'दार'. डावीकडून शिरत असेल तर 'खिडकी'. चेंडू डोक्यावरून मागे पडणार असेल तर 'माळा', म्हणजे उलट्या पावलांनी मागे ये. आणि 'उंबरा' म्हणजे सगळ्या बचावफळीने एका दमात पुढे सरकायचं, की समोरचा स्ट्रायकर मागे एकटाच उरतो आणि ऑफसाइड ठरतो. शाबासकीसाठी शब्द नव्हता. काम नीट झालं की भावोजी गप्प बसत. शटरला तेवढं पुरत असे.

असली गुपितं फार दिवस टिकत नाहीत. दोन हंगामांत शहरातल्या सगळ्या संघांना हे शब्द पाठ झाले. एका संघाचा स्ट्रायकर तर नकलाकार निघाला. त्याने शटरच्या मागे उभं राहून हुबेहूब भावोजींच्या आवाजात "उंबरा!" अशी आरोळी ठोकली. शटर इमानेइतबारे पुढे धावला, आणि मोकळ्या झालेल्या जागेतून दुसऱ्याच कुणीतरी येऊन गोल केला. त्यावर उपाय म्हणून भावोजींनी त्या संघापुरती दार आणि खिडकी यांची अदलाबदल करायचं ठरवलं. पुढच्या सामन्यात ती शटरच्या लक्षात राहिली. भावोजी स्वतःच विसरले.

परदेशातल्या क्लबाचा जो माणूस सामना बघायला आला होता, तो शटरसाठी आलाच नव्हता. त्याला बघायचा होता समोरच्या संघातला एक गोलांची रास घातलेला स्ट्रायकर. नव्वद मिनिटं त्याने तो बघितला, म्हणजे शटरच्या खांद्याआडून जेवढा दिसला तेवढा. "घड्याळ घ्यायला आला आणि कुलूप पसंत करून गेला," मास्तर अजून सांगतात.

बोलावणं आलं होतं, पण ते कच्चं होतं. दुसऱ्या दर्जाच्या साखळीत खेळणाऱ्या त्या क्लबाला मधल्या बचावासाठी एक माणूस हवा होता आणि चाचणीला बोलावले होते दोन. दहा दिवस सराव, शेवटी एक सामना, मग दोघांतला एक राहणार. इकडे त्याच दहा दिवसांत घरच्या साखळीची खेळाडूंची नोंदणी बंद होत होती. मास्तरांनी आडपडदा ठेवला नाही.

"तुझं नाव घालून ठेवलं आणि तू तिकडेच राहिलास, तर वर्षभर आम्ही एक माणूस कमी घेऊन खेळायचं. ते मला जमणार नाही."

"म्हणजे जायचं तर जागा सोडून."

"सोडून. परत आलास तर भिंतीवर बस आणि शटर पाड म्हणून ओरड. त्याला नोंदणी लागत नाही."

मास्तर हसत होते, पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. वर्षभर बाहेर बसलेल्या, सत्ताविशीतल्या बचावपटूला कुठल्याच देशातून फोन येत नाही. जमलं तर परदेश, नाही जमलं तर शिडी. मधे काही नाही.

शटरने एक दिवस मागून घेतला आणि दुसऱ्या सकाळी चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "जातो."

"पोटात गोळा आलाय का?" बाबांनी विचारलं.

"आलाय. पण चांगला आलाय. आपल्या बाजूला कॉर्नर मिळाला की येतो तसा."

त्या दिवसापासून घरात कुणाचाच पाय ठरेना. बाबांनी प्रत्येक गिऱ्हाइकाला बातमी सांगितली. ज्यांची शटरं धड होती त्यांच्याकडेही ते चौकशीच्या निमित्ताने जाऊन आले. ताईने नवीन बॅग आणली आणि तिच्या चेनी दहा वेळा उघडून मिटून बघितल्या. फक्त आईने कपड्यांच्या घड्या घालता घालता एक प्रश्न विचारला.

"तिथे तुझ्याशी बोलणार कोण?"

"आई, मी बोलायला नाही चाललो. खेळायला चाललोय."

"तरी पण. बोलल्याशिवाय कसं चालायचं माणसाचं?"

तिच्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. बॅगेचं वजन जास्त होतंय का, हा त्या वेळी घरापुढचा मोठा प्रश्न होता.

शेवटच्या सरावाला भावोजी नेहमीसारखे गोलात उभे राहिले आणि नेहमीपेक्षा जास्त ओरडले. सराव संपल्यावर हातमोजे काढता काढता म्हणाले, "तुझ्या जागी मास्तर त्या लांबड्याला घेतायत. दर दोन मिनिटांनी मागे वळून मला बघतो. मी काय पळून चाललोय?"

"शिकेल, भावोजी."

"शिकेल की. माझे केस पांढरे होईपर्यंत शिकेल." मग हातमोजे झटकत, "तू जा रे. माझी काळजी करू नकोस. गोल खायची सवय आहे मला."

"कधी खाल्लेत?"

"आता खाईन की."

तिकडच्या मैदानावर पाऊल ठेवल्यावर शटरने पहिलं काम काय केलं, तर वाकून गवत उपटून बघितलं. ते निघालं नाही. घरच्या मैदानावर गवत आहे म्हणण्यापेक्षा होतं म्हणणं बरं. तिथे घसरून टॅकल केलं की आठवडाभर मांडी जळते. इथे तो सवयीच्या जोराने घसरला आणि घसरतच गेला. चेंडू मागे राहिला, खेळाडू मागे राहिला, बाजूची रेषाही मागे राहिली, आणि हा पाण्याच्या बाटल्यांत जाऊन थांबला. हसत उठला. पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा अंदाज बरोबर आला आणि चेंडू पायात अडकला.

दुपारी फोनवर त्याला काय काय सांगू असं झालं होतं.

"बाबा, गालिचा आहे नुसता गालिचा! कपडे धुऊन देतात. बूट ठेवायला प्रत्येकाला कपाट. आणि चेंडू तर इतके, की बाहेर गेलेला आणायला कुणी जातच नाही!"

"कुणीच जात नाही?" बाबांना हे पटलं नाही. "मग तू जाऊन आण."

राहायला क्लबाच्या वसतिगृहात दोन खाटांची खोली होती. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसे, आणि बाहेरच्या बोळाच्या टोकाला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर होतं. दुसऱ्या खाटेवर क्लबाचा गोलरक्षक. त्याचं खरं नाव शटरच्या जिभेला झेपेना, म्हणून त्याने मनातल्या मनात त्याला मनोरा म्हणायला सुरुवात केली. उंची तशीच होती. स्वभावही मनोऱ्यासारखाच, उभं राहायचं आणि बोलायचं नाही. भावोजी एका कॉर्नरला जेवढं बोलतात तेवढं मनोरा आठवड्यात बोलत नसे.

चाचणीला आलेला दुसरा बचावपटू पांढरे बूट घालायचा. पांढरेबूट उंच होता, दोन्ही पायांनी पास द्यायचा आणि त्याची मान घुबडासारखी चारी दिशांना फिरायची.

पहिल्या सराव सामन्यात डावीकडून चेंडू आला. शटरची नजर चेंडूवाल्याच्या कमरेवर होती, पाय बरोबर जागेवर होते, आणि तो आवाजाची वाट बघत होता. आवाज आला नाही. पाठीमागून एक जण आरामात शिरला आणि त्याने चेंडू जाळ्यात ढकलला. थोड्या वेळाने हेच उजवीकडून झालं. शटरने वळून मनोऱ्याकडे बघितलं. मनोऱ्याने खांदे उडवले.

संध्याकाळी सहायक प्रशिक्षकाने त्याला पडद्यासमोर बसवलं, चित्र थांबवलं आणि शटरच्या पाठीमागे उभ्या असलेल्या मोकळ्या खेळाडूवर बोट ठेवलं. मग स्वतःची मान वळवून दाखवली. लहान मुलाला रस्ता ओलांडायला शिकवावं तशी, आधी इकडे, मग तिकडे.

दुसऱ्या दिवशी शटरने मान वळवली. मागचा माणूस दिसला आणि तेवढ्यात समोरचा त्याच्या बगलेतून निघून गेला. दोन्ही एकदम सांभाळायला गेला तर तो नुसता जागच्या जागी गिरक्या घेऊ लागला. नऊ वर्षांची मान दहा दिवसांत वळवायला शिकवता येत नाही, हे त्याला सातव्या दिवशी कळून चुकलं. पांढरेबूट मात्र रोज बघत होता: मागे, पुढे, मागे, पुढे.

त्या दिवशी जेवणानंतर त्याने घरी न लावता थेट भावोजींना फोन लावला. पलीकडे करवत चालू होती.

"भावोजी, मागे कुणी बोलत नाही."

"काय?"

"मागे! कुणी! बोलत नाही!"

करवत बंद झाली. ताईचा आवाज आला, "कोण बोलत नाही? भांडलास का कुणाशी?"

"भांडायलाही कुणी बोलावं लागतं ना, ताई. गोलकीपर मुका आहे. म्हणजे मुका नाही, पण ओरडत नाही. ओरडला तरी त्याची भाषा मला कळत नाही, माझी त्याला कळत नाही. दोन गोल खाल्ले. परवा-तेरवा शेवटचा सामना."

"कुठे उभा आहेस आत्ता?" भावोजींनी विचारलं.

"वसतिगृहात."

"त्याला दार आहे?"

"आहे की."

"खिडकी?"

"आहे."

"उंबरा?"

शटरने खाली बघितलं. "लोखंडी पट्टी आहे."

"चालेल. माळा?"

"माळा नाही. कपाटावर फळी आहे, तिच्यावर सामान टाकतात."

"मग घोडं अडलंय कुठे? आण त्या मुक्याला आणि बोट दाखव. एवढं सामान सगळ्यांच्याच घरात असतं. मी काय तुला वेदान्त ओरडून सांगत होतो?"

फोन ठेवल्याबरोबर शटरने मनोऱ्याला हाताला धरून उठवलं. मनोरा सूप पीत होता. वाटी हातात तशीच राहिली. शटरने दारावर थाप मारली. "दार." मनोऱ्याने दाराकडे बघितलं, मग शटरकडे. त्याला वाटलं बिजागरी मोडली. शटरने पुन्हा थाप मारली, स्वतःच्या उजव्या खांद्यामागे हात हलवला आणि पाठीमागून कुणीतरी चोरपावलांनी येतंय अशी नक्कल केली. "दार!"

मनोऱ्याचा चेहरा एकदम बदलला. त्याने वाटी खाली ठेवली.

"डार," तो म्हणाला. मग स्वतःच खिडकीपाशी गेला आणि तिच्या काचेवर टकटक करून भुवया उंचावल्या.

"खिडकी!"

"खिर्की!" आणि त्याने शटरच्या डाव्या खांद्यामागे बोट नेलं.

मनोरा मुळात मुका नव्हता, हे सहायक प्रशिक्षकाकडून पुढे कळलं. या क्लबाच्या बचावफळीतले चौघे चार देशांचे. आधी तो ओरडायचा. निम्म्यांना कळायचं, निम्मे उलट्या दिशेला जायचे. शेवटी वैतागून त्याने तोंड मिटून घेतलं होतं. आता त्याला अचानक असे शब्द मिळाले होते जे कुणाच्याच भाषेतले नव्हते, म्हणजे सगळ्यांना सारखेच परके होते. त्याने धावत जाऊन उजव्या, डाव्या आणि मधल्या बचावपटूंना खोल्यांतून ओढून आणलं. एकाच्या तोंडात दात घासायचा ब्रश होता.

मग स्वयंपाकघरात मिठाची बाटली स्ट्रायकर झाली, चार कप बचावफळी झाले, आणि 'माळा' शिकवायला पावाचा एक तुकडा कपांच्या डोक्यावरून फेकण्यात आला. 'उंबरा' सगळ्यात कठीण गेला. शेवटी शटर तिघांना घेऊन बोळात एका रांगेत उभा राहिला, मनोऱ्याने आरोळी दिली, आणि चौघं जण एकदम उडी मारून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायला शिकले. पाचव्या उडीला वसतिगृहाची देखभाल करणाऱ्या बाई जिना चढून आल्या. त्या बरंच काही बोलल्या. भाषा कळत नसूनही सगळ्यांना सगळं कळलं.

शेवटचा सामना शेजारच्या गावातल्या क्लबाशी होता. पहिला अर्धा भाग पांढऱ्या बुटांचा, दुसरा शटरचा. पांढरेबूट नीटनेटका खेळला. एक गोल झाला, पण त्यात त्याची चूक फारशी नव्हती. मध्यंतरानंतर शटर आत गेला तेव्हा गुणफलकावर एक-एक होतं.

पहिल्याच चढाईत उजवीकडून त्यांचा खेळाडू चेंडू घेऊन आला. शटरने त्याच्या कमरेवर नजर ठेवली. मान हलवली नाही. आणि मागून आवाज आला.

"खिर्की!"

आवाज भावोजींचा नव्हता आणि उच्चार तर कुणाचाच नव्हता. पण शटरचा डावा पाय आपसूक मागे गेला, आणि तिथून शिरणाऱ्याच्या पायाशी येणारा चेंडू त्याने हलकेच काढून घेतला. त्या खेळाडूने आजूबाजूला बघितलं. याला डोळे मागे आहेत की काय?

मग रंग चढला. मनोऱ्याला वर्षभराचं न बोललेलं एकदम बोलायचं होतं. "डार!" शटर उजवीकडे. "माला!" शटर उलट्या पावलांनी मागे, आणि डोक्याने चेंडू बाहेर. समोरच्या संघाचा कर्णधार आपल्या लोकांना विचारत होता, हे काय चाललंय? कुणालाच माहीत नव्हतं. घरी दोन हंगामांत शहरभर झालेले शब्द इथे पुन्हा कोरे करकरीत झाले होते.

आणि मग तो क्षण आला. समोरच्यांनी मधून लांब पास टाकायला पाय मागे घेतला, आणि मनोऱ्याने छाती भरून आरोळी ठोकली: "उम्म्ब्रा!"

चार देशांचे चौघं जण एका रेषेत, एका दमात, बोळातल्या उडीसारखे पुढे आले. त्यांच्या मागे समोरचा स्ट्रायकर रिकाम्या घरात शिरलेल्या पाहुण्यासारखा एकटा उभा राहिला. ऑफसाइड. बाकावर बसलेले मुख्य प्रशिक्षक उठून उभे राहिले. पुढच्या वीस मिनिटांत तो स्ट्रायकर आणखी तीनदा तसाच उभा राहिला. शेवटी त्याने हातच टेकले आणि पंचांशी वाद घालायचंही सोडून दिलं.

तोवर शटरच्या संघाने दुसरा गोल केला होता. त्यांच्यावर गोल झाला तो कॉर्नरवर. चेंडू हवेत, माणसं दोन्हीकडून, पुढून, मागून, मनोऱ्याचा गोंधळ उडाला आणि त्याने जवळ होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं: "डार! खिर्की! माला! उम्ब्रा!" शटरला ऐन धावपळीत हसू फुटलं. तेवढ्यात कुणाच्या तरी खांद्याला लागून चेंडू आत गेला.

दोन-दोन. सामना बरोबरीत सुटला. शटर चेहरा पाडून बाकाकडे आला, कारण हिशेबात तो आणि पांढरेबूट सारखेच होते, आणि पांढऱ्या बुटांची मान फिरत होती.

मुख्य प्रशिक्षकांनी सहायकाला काहीतरी विचारलं. सहायकाने शटरला विचारलं, "उम्ब्रा. व्हॉट?"

शटरने आजूबाजूला बघितलं. कपडे बदलायच्या खोलीचं दार उघडं होतं. तो तिथे गेला, खालच्या पट्टीवर बूट ठेवला आणि म्हणाला, "धिस."

मुख्य प्रशिक्षकांनी पट्टीकडे बघितलं. मग मनोऱ्याकडे बघितलं. तो दोन्ही बाजूंच्या बचावपटूंना हातवारे करून काहीतरी समजावत होता, ते त्याला उलट समजावत होते, आणि तिघांच्या बोलण्यात मधूनमधून घराचे भाग येत होते. या तिघांना सामन्यानंतर एकमेकांशी बोलताना त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं. ते सहायकाला म्हणाले ते एकच वाक्य होतं. सहायकाने त्याचं भाषांतर दोन शब्दांत केलं.

"यू. स्टे."

शटर किती जोरात ओरडला हे सांगायला साक्षीदार म्हणून पांढरेबूट होता. त्याने आधी कानांवर हात ठेवले आणि मग ते काढून टाळ्या वाजवल्या.

घरी आईला, बाबांना सांगून झालं. बाबांनी शेजारच्या तीन दुकानदारांना रस्त्यातूनच ओरडून कळवलं, ते फोनवर ऐकू आलं. आई म्हणाली, "बघ, बोलल्याशिवाय चाललं का?" मग त्याने ताईच्या घरी लावला. करवत चालूच होती.

"भावोजी, ठेवून घेतलं!"

"गोल किती खाल्ले?"

"एक. कॉर्नरवर."

"हाक काय होती?"

"चारही. एकदम."

"चारही?" भावोजींचा आवाज चढला. "अरे, कॉर्नरला हाकच द्यायची नसते! कॉर्नरला ज्याने त्याने आपापला माणूस धरायचा. एवढं शिकवलं नाहीस त्याला? उद्या सकाळी पहिलं ते शिकव."

"शिकवतो. पण भावोजी, ऑफसाइडमध्ये चार वेळा धरला त्यांचा स्ट्रायकर. चौघं एका रेषेत. बोटभर पुढे-मागे नाही. मान एकदाही वळवली नाही मी. आणि मोसम संपेपर्यंतचा करार आहे."

करवत बंद झाली. पलीकडून काहीच ऐकू येईना. मग ताईने फोन हातात घेतला.

"अरे, काय सांगितलंस तू यांना? हे नुसते उभे राहिलेत. बोलत का नाहीत?"

"राहू दे, ताई," शटर म्हणाला. "नीट झालंय म्हणून."